मालिकांखाली मराठी ओळी द्या, मलाही बघायचं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकांच्या पत्रांत सिनेमा आणि मालिकांवर बरंच लिहून आलं. मराठी सिनेमाला चांगल्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, दक्षिणेचे सिनेमे हिंदीत डब होऊन थिएटरं अडवून बसतात, मालिकांतली मराठी बिघडली, आमच्या भागातली बोली फक्त गड्याच्या आणि मोलकरणीच्या तोंडी देतात. सगळी पत्रं मी वाचली आणि बहुतेक मला पटली. पण त्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीतच धरली आहे, की बघणाऱ्याला ऐकू येतं. मला येत नाही. म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. मराठी मालिका आणि मराठी सिनेमा यांच्या खाली, पात्र जे बोलतं ते जसंच्या तसं, मराठीत लिहून यावं. टीव्हीवर, मोबाइलवर आणि थिएटरात. ज्यांना नको असेल त्यांना घरी ते बंद करता यावं. एवढंच.

मी गंगाखेडची. तालुक्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं काम केलं, आधी लिपिक आणि मग ग्रंथपाल म्हणून. चाळिशीनंतर माझं ऐकणं कमी होत गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग पहाटेची पाखरं. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज नंतर. बायका-लेकरांचं बोलणं पुसट झालं तेव्हा पुरुषांचं अजून कळत होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या नसा कमजोर झाल्यात, यावर औषध नाही. आज दोन्ही कान सत्तर डेसिबलच्या पुढं गेलेत. कायद्याच्या भाषेत याला कर्णबधिर म्हणतात. मशीन आहे, पण मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. शांत खोलीत एकच माणूस समोर बसून बोलला तर त्याचा उपयोग होतो. मालिकेत प्रत्येक वाक्याखाली संगीत वाजत असतं. मशीन ते संगीतही तेवढंच मोठं करून कानात ओततं. मग मी मशीन काढून ताटलीत ठेवते आणि नुसती बघत बसते.

मी बोलते मात्र व्यवस्थित, वाचते तर दिवसभर. त्यामुळं नव्या माणसाला माझं खरंच वाटत नाही.

नुसतं बघणं म्हणजे काय, हे ऐकू येणाऱ्याला सांगणं अवघड आहे. तरी सांगते, कारण मालिका करणाऱ्या कुणाच्या तरी वाचनात हे यावं अशी माझी इच्छा आहे. मी ओठ वाचते. कुणी शिकवलं नाही, गरजेनं आलं. पण ओठांवर सगळी अक्षरं दिसत नाहीत. प, फ, ब, भ, म ही पाचही ओठ मिटूनच निघतात, त्यामुळं ‘बाबा’, ‘पापा’ आणि ‘मामा’ हे तीन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा. क, ख, ग, घ तर घशातच होतात, ती ओठांवर येतच नाहीत. एका मालिकेत हॉस्पिटलचा प्रसंग होता. मुलगी दारातून बाहेर आली, काहीतरी दोन शब्द बोलली आणि सगळं कुटुंब रडायला लागलं. वडील गेले की मामा गेले? दोघंही आजारी दाखवले होते. घरात विचारावं तर सून स्वयंपाकात, मुलगा दुकानावर. तीन दिवसांनी भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला तेव्हा मला कळलं. ज्या मिनिटाला सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, त्या मिनिटाला मी नुसतं कोड्यात पडले होते.

आणि ओठ दिसले तर ना! ऐतिहासिक मालिकांत मावळ्यांपासून सरदारांपर्यंत सगळ्यांना भरघोस मिशा, वरचा ओठ झाकलेला. शिवाय दाढी. तलवार कुणावर उपसली ते दिसतं, का उपसली ते मिशीखाली राहतं. घरगुती मालिकांत कॅमेरा बोलणाऱ्यावर कमी आणि ऐकणाऱ्यावर जास्त असतो. सासू बोलते आणि तीन वेळा सुनेचा चेहरा दिसतो. फोनवरचं बोलणं निम्मं पलीकडच्या माणसाचं, तो दिसतच नाही. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे मनातलं बोलणं. मराठी मालिकांत पात्र गप्प उभं असतं आणि त्याचे विचार आवाजात ऐकू येतात. ओठ बंद. मी पहिल्यांदा समजत होते की ही बाई बराच वेळ विचार करत उभी आहे. नातीनं सांगितलं, “आजी, ती बोलायली ना, मनातल्या मनात.” त्या दिवशी मला कळलं की कटकारस्थान जेवढं म्हणून आहे, ते सगळं माझ्यापुरतं न झाल्यासारखंच होतं.

एक गोष्ट मात्र अनुभवानं कळली आहे. शब्द आधी ठाऊक असले तर ओठ सहज वाचता येतात. संतांवरच्या मालिकेत अभंग सुरू झाला की मला तो अक्षर न् अक्षर कळतो. आमचं हे जनाबाईचं गाव, आणि तिचे अभंग तर मला लहानपणापासूनच पाठ. कलाकाराचे ओठ हलायला लागले की आतून आवाज येतो. खरा आवाज नसतो, आठवणीतला असतो, पण मला तो चालतो. म्हणून मी म्हणते की नुसते शब्द खाली लिहा, बाकीचं माझं मी बघून घेईन. स्वर, रडू, राग हे सगळं चेहऱ्यावर असतं आणि चेहरे मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतात.

पाचवीतली नात सुटीत माझ्या शेजारी पाटी घेऊन बसते. तिनंच ही पद्धत काढली. मालिका चालू झाली की ती ऐकते आणि पाटीवर लिहून मला दाखवते. फार मनापासून करते. पण लेकराचा हात तो किती चालणार? पडद्यावर दोघी जणी दोन मिनिटं बोलतात, एक उठून उभी राहते, दुसरी पदर डोळ्याला लावते, आणि पाटीवर येतं : ‘ती नाही म्हणाली.’

मी विचारते, “एवढंच?”

ती मान हलवते. “हो.”

दोन मिनिटांत एवढंच कसं असेल? नाही म्हणण्याच्या शंभर तऱ्हा असतात. तिनं कुणाचं नाव घेतलं, जुनं काय उकरून काढलं, कुठल्या शब्दावर समोरचीनं मान खाली घातली, हे सगळं त्या दोन मिनिटांत होतं. संपादक महोदय, मला गोष्ट कळते, बोलणं कळत नाही. गोष्ट काय, कुणीही सांगतं. माणसं मालिका बघतात ती बोलण्यासाठी. दुसऱ्या दिवशी नळावर, दुकानात, देवळाच्या ओट्यावर बायका सांगतात ते “अगं, काय बोलली माहितेय का तिला!” हेच सांगतात.

आता जरा मागचं सांगते, कारण माझी ही मागणी तिथून निघाली आहे.

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, गच्चीवर उंच अँटेना. रविवारी सकाळी ‘रामायण’ला आत-बाहेर माणसं दाटलेली असायची, ते सगळ्यांना आठवतं. मला आठवते ती रविवारची दुपार. दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा लागायचा. कधी कन्नड, कधी बंगाली, कधी मल्याळम. गर्दी नसायची. आम्ही चार-पाच बायका आणि शेजारी राहणारे इंग्रजीचे एक गुरुजी. सिनेमाखाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या गुरुजी वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. पडद्यावर मल्याळी बाई बोलायची आणि गुरुजींच्या तोंडून परभणीची मराठी यायची. “ती म्हणायली, मी काय आता माघारी जायची नाही.” ओळ मोठी असली की गुरुजी अडकायचे, कधी स्वतःच सिनेमात हरवून गप्प व्हायचे, आणि आम्ही सगळ्या एकदम म्हणायचो, “गुरुजी, काय म्हणायली ती?” त्या दुपारांनी मला केरळातली घरं दाखवली, बंगालातल्या विधवा दाखवल्या, कर्नाटकातले मठ दाखवले. परभणी जिल्ह्याबाहेर फारशी न गेलेल्या मला.

त्या काळात रविवारी दुपारीच मूकबधिरांसाठीच्या बातम्याही असायच्या. पडद्यावरच्या बाई हातांनी बातम्या सांगायच्या. आम्ही तेवढ्यात खरकटी उचलून घ्यायचो. त्या बातम्या कुणासाठी आहेत, ते लोक कुठं राहतात, असा विचार तेव्हा एकदाही माझ्या मनात आला नाही. आता येतो.

गुरुजी वारले. पण “काय म्हणायली ती?” हा प्रश्न माझ्या तोंडी राहिला. फरक एवढाच की तेव्हा तो मल्याळम सिनेमाला विचारायचा होता, आता मराठी मालिकेला विचारावा लागतो.

ऐकू येईनासं झाल्यावर मला एक कळलं. कानांना मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ हा भेद राहिला नाही. सगळे सारखेच मुके. माझ्यापुरती सिनेमाची भाषा म्हणजे खाली लिहून येते ती. मल्याळम सिनेमाखाली मराठी ओळ आली तर तो माझ्यासाठी मराठी सिनेमा, आणि मराठी सिनेमाखाली इंग्रजी ओळ आली तर तो इंग्रजी. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, अनुभवलं आहे. दोन वर्षांपूर्वी सून मला नांदेडला एका मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेली. मराठी सिनेमा होता, चांगला गाजलेला. अंधार झाला, नावं आली, आणि पहिल्याच प्रसंगात खाली अक्षरं उमटली. माझा जीव हरखला. मी सुनेचा हात धरला. मग वाचायला गेले तर इंग्रजी. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. एक ओळ लावून होईतो दोन ओळी निघून जात. बोलणारी माणसं मराठी, थिएटरात बसलेली माणसं मराठी, लिहिणाऱ्याला मराठी येत असणारच, त्याशिवाय त्यानं इंग्रजी केलं कसं? मधे ही इंग्रजी अक्षरं कुणासाठी होती, हे मला आजवर कळलं नाही. महोत्सवांना आणि परराज्यांतल्या प्रेक्षकांना ती लागतात हे मी समजू शकते. मग जो सिनेमा परक्यांसाठी लिहून काढता येतो, तो आपल्यातल्या बहिऱ्या माणसांसाठी का लिहिता येत नाही? मोबाइलवर मुलानं लावून दिलेल्या मराठी सिनेमांचंही तेच. ओळींची यादी उघडली की इंग्रजी असतं, कधी आणखी एखादी परदेशी भाषा असते. मराठी सापडली तर दिवस चांगला.

डबिंगवर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी पत्रं आली. माझी बाजू तिसरी आहे. डब केलेल्या सिनेमात ओठ तेलुगू बोलतात आणि आवाज हिंदी असतो. ऐकणाऱ्याला थोडं खटकत असेल, मला त्यातलं एक अक्षर लागत नाही, कारण मी वाचते ते ओठ कुठल्याच माझ्या भाषेत नसतात. हल्ली मराठीतही दाक्षिणात्य सिनेमे डब होऊन लागतात. आनंद आहे, पण माझ्यासाठी तीच गत. ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला तेव्हा तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला होता. त्याच कलाकारांनी दोन्ही भाषांतली वाक्यं स्वतःच्या ओठांनी म्हटली. तेवढे कष्ट आज कुणी घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण डब करण्यासाठी आधी सगळे संवाद मराठीत लिहावेच लागतात. ते कागद तयार असतात. डबिंगवाल्यांनी तेच खाली दाखवले तर काय बिघडतं?

वाचनालयात असताना सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं हाताखालून गेली, त्यातलं एक मनात रुतून बसलं आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. सिनेमा मुका होता, म्हणून मधे मधे मजकुराच्या पाट्या यायच्या. पुढं १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. त्या दिवसाचा आपण उत्सव करतो, करावाच. पण मधली जवळजवळ अठरा वर्षं धरून बघा. त्या अठरा वर्षांत माझ्यासारखी बाई आणि तिच्या शेजारी बसलेली ऐकणारी बाई, दोघींना सिनेमा सारखाच कळत होता. पाटी आली की दोघी वाचणार, नाही तर दोघी कुणाकडून तरी वाचून घेणार. सिनेमा बोलायला लागला आणि पाट्या काढून टाकल्या, तिथं आमची वाट बंद झाली. ती कुणी मुद्दाम केली नाही, हे मी जाणते.

१९७२ चा गुलजारांचा ‘कोशिश’ आपल्या वाचकांना आठवत असेल. संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघंही ऐकू-बोलू न शकणारे नवरा-बायको. तो मी कानांनिशी पाहिला होता आणि फार रडले होते. मध्यंतरी टीव्हीवर लागला तेव्हा परत बघायला बसले. त्या दोघांचं सगळं कळलं, हातांची खूण न् खूण कळली. पण त्यांच्याभोवतीची बोलणारी माणसं त्यांच्याबद्दल काय बोलतात, ते कळेना. बहिऱ्या माणसांवरचा इतका चांगला सिनेमा आणि बहिऱ्या माणसाला तो अर्धाच दिसावा, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं. उलट सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ चा ‘पुष्पक’. कमल हासन यांचा, एकही संवाद नसलेला. तो मुलानं मोबाइलवर शोधून दिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. घरातले सगळे जिथं हसले, तिथंच मीही हसले. बऱ्याच वर्षांनी असं एकाच वेळी हसणं झालं.

अशा ओळी द्यायला फार मोठं काही लागतं असंही नाही. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’वर २००२ पासून गाण्याखाली त्याच गाण्याचे शब्द यायला लागले होते आणि गायक जसा पुढं जाई तसा शब्दांचा रंग बदलत जाई. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांची ती कल्पना. आधी गुजराती गाण्यांवर करून बघितली, मग हिंदीवर आणली. हेतू बहिऱ्यांचा नव्हता, जेमतेम शिकलेल्यांचं वाचन पक्कं व्हावं हा होता. आमच्या वाचनालयात झाडलोटीला येणारी एक बाई दुसरीतून शाळा सुटलेली. तिला जुनी गाणी तोंडपाठ. ती मला सांगायची, “बाई, गाणं मला येतंय, म्हणून अक्षर ओळखू यायलंय.” पुढं तिनं लहान मुलांची पुस्तकं माझ्याकडून नेली, ती मी माझ्या हातानं नोंदवहीत लिहिली आहेत. शब्द आधी ठाऊक असले की अक्षर ओळखीचं होतं. तिचं वाचन आणि माझं ओठ वाचणं एकाच तऱ्हेनं चालतं, हे मला फार नंतर उमगलं.

आणि बहिऱ्यांचंच काय घेऊन बसलात! आमच्या गल्लीत पत्र्याची घरं किती तरी आहेत. पावसाळ्यात रात्री पाऊस पत्र्यावर उतरला की टीव्ही कितीही मोठा करा, कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळं घर पडद्याकडं बघत बसतं आणि एकमेकांना विचारतं, “काय म्हणायली?” तेवढ्या वेळापुरते सगळेच माझ्यासारखे असतात. घरोघरी म्हातारी माणसं आवाज वाढवतात, अभ्यासाला बसलेली लेकरं कमी करा म्हणतात, त्यावरून रोज कुरबुरी होतात. खाली ओळी असत्या तर निम्म्या झाल्या नसत्या.

आता कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४२ वं कलम स्पष्ट आहे. टीव्ही-सिनेमासारख्या माध्यमांतला मजकूर आमच्यापर्यंत पोचावा म्हणून संवाद लिहून दाखवणं, खुणांची भाषा आणि अंधांसाठी वर्णन यांची सोय सरकारनं करायची आहे. २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं श्रवणबाधितांसाठी टीव्हीवरच्या कार्यक्रमांची मानकं काढली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’ हा सिनेमा ओटीटीवर आणताना अशा सोयी द्या, असं निर्मात्यांना सांगितलं. मार्च २०२४ मध्ये त्याच मंत्रालयानं थिएटरांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं देशात पन्नास लाखांवर होती, आणि उतारवयात हळूहळू कान गेलेले माझ्यासारखे किती तरी जण आपलं नावच नोंदवत नाहीत. कागदावर सगळं आहे. माझ्या टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा यातलं काहीही दिसत नाही.

कुणी म्हणतं, खुणांची भाषा दाखवतात की बातम्यांत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांची ती हक्काची भाषा आहे, तिच्यासाठी दिल्लीत २०१५ पासून वेगळी संस्था आहे, ती सगळीकडं पोचायलाच हवी. पण वयाच्या पंचेचाळिशीत कान गेलेल्या बाईला ती येत नाही. मला मराठी येते, वाचता येते, भरभर येते. कुणी म्हणतं, मोबाइलवर बोललेलं लिहून देणारी सोय असते, ती टीव्हीसमोर धरा. धरली. बातम्या देणारी एकटी बाई स्पष्ट बोलते तेव्हा बऱ्यापैकी लिहून येतं. मालिकेत पाच माणसं एकावर एक बोलतात, मागं ढोल वाजतो, आणि मोबाइलवर भलतंच काहीतरी उमटतं किंवा काहीच नाही. कुणी म्हणतं, खर्च होतो. मालिकेचे संवाद कुणीतरी लेखक आधी लिहितो, कलाकार ते पाठ करतो. ते कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये मराठीतच असतात. सेटवर थोडाफार बदल होत असेल, तो बघून दुरुस्त करायला एक माणूस लागेल. रोजच्या एका भागाला एक माणूस. माझ्यासारख्या निवृत्त ग्रंथपाल, शिक्षक, मुद्रितशोधक गावोगावी आहेत. मराठवाड्यात तर शुद्धलेखन चांगलं असलेली आणि कामाला मोकळी असलेली पोरं-पोरी किती सापडतील! त्यांना बोलवा.

लिहायचं कसं, याबद्दल माझे दोन हट्ट आहेत. पात्र आमच्या भागातलं असेल आणि ‘काय करायलास?’ म्हणत असेल, तर खाली ‘काय करायलास?’ असंच लिहून यावं. त्याचं ‘काय करतो आहेस?’ करू नये. बोली ऐकायला मिळत नाही म्हणून तुम्ही तक्रार करता, मला ती वाचायला तरी मिळू द्या. कान गेल्यापासून माझ्या सासूच्या, नणंदांच्या बोलण्याचा हेल मी विसरत चालले आहे. लिहिलेलं दिसलं की तो परत आठवतो. दुसरं म्हणजे नुसते संवाद लिहून थांबू नये. दारावर थाप पडली, बाहेर गाडी थांबली, आतल्या खोलीत लेकरू रडलं, तर तेही कंसात लिहावं. पडद्यावरची बाई एकदम दचकून मागं वळते तेव्हा ती का दचकली, हे मला तिच्याबरोबरच कळायला हवं.

एका वाहिनीला मी याबद्दल दोन पत्रं लिहिली, दोन्ही रजिस्टर पोस्टानं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. मी नाव घेत नाही, कारण बाकीच्यांचीही गत वेगळी नाही आणि मला भांडायचं नाही, बघायचं आहे.

आपल्याला मात्र एक विनंती आहे आणि ती आपल्या हातातली आहे. आपल्या पुरवणीत दर शुक्रवारी नव्या सिनेमांचं परीक्षण येतं. शेवटी चौकटीत दिग्दर्शक, कलाकार, लांबी आणि किती तारे ते छापता. त्याच चौकटीत आणखी एक ओळ घाला : ‘मराठी ओळी : आहेत’ किंवा ‘मराठी ओळी : नाहीत’. सुरुवातीचे कित्येक आठवडे ‘नाहीत’ असंच छापावं लागेल. तसंच छापा. शुक्रवारचा अंक आमच्याकडं सकाळच्या बसनं येतो, मी तो आल्या आल्या उघडते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
गंगाखेड, जि. परभणी